परत आलेल्या खुर्च्या

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद. सहा वर्षांत तुला हा शब्द लिहिला नव्हता, पण पेन कागदाला टेकलं की हात आपोआप तोच लिहितो, तेव्हा राहू दे.

पाकीट पाहून कुणाचं काही बरंवाईट झालं की काय अशी धास्ती घेऊ नकोस. सगळे ठणठणीत आहेत. काम आहे म्हणून लिहितेय. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मग ती मध्येमध्ये लुडबुडणार नाही: मी तुला माफ केलंय. कधीच केलंय. कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

आता कामाचं. आपल्या कारखान्याला (चार खोल्या आणि दारातला एक उतार, त्याला कारखाना म्हणणारी जगात मी एकटीच, हे तुझं वाक्य मला पाठ आहे) एका फंडाचं पत्र आलंय. आम्ही अर्ज केलेला नाही. त्यांनी आपणहून विचारलंय, की चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करण्याच्या तुमच्या कामाला आम्ही तीन वर्षं मदत केलेली तुम्हाला आवडेल का. ‘आवडेल का’ असं लिहिलंय! मागच्या देणगीदारांच्या, त्या फोटोवाल्यांच्या दारात आपण दोघं बाकड्यावर किती वेळ बसलो होतो, आठवतं? त्या बाकड्याचा एक पाय आखूड होता. तू कागदाची घडी घालून तो नीट केलास, आणि त्या दिवशी आपल्या हातून तेवढं एकच काम धड झालं.

मदत हवी आहे का, तर हवी आहे. वेल्डरकाकांचा डावा डोळा गेल्यातच जमा आहे. कशीबशी तीन वर्षं उभा राहीन, पुढे नाही, असं त्यांनी सांगून टाकलंय. खुर्चीच्या सांगाड्यावरून नुसता हात फिरवून ते सांगतात की तडा इथे जाणार आणि दोन महिन्यांनी जाणार, आणि तो तिथेच जातो. हे कुठल्या पुस्तकात नाही. त्यांच्या हाताखाली दोन माणसं तीन वर्षं नीट शिकली तर आपलं काम टिकेल. नाही शिकली, तर आपण सुट्या भागांचं दुकान होऊ. तसं झालं तर मी स्वतः दाराला कुलूप घालीन.

पण या वेळी मी हात पसरून जाणार नाही. आपली पद्धत तुला माहीत आहे. दुरुस्त झालेली खुर्ची आपण लगेच देत नाही. बसणाऱ्याला तिच्यात आपल्यासमोर तासभर बसवतो. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनाच बरं वाटतं. कुठे रुततं, कुठे घासतं, ते चाळीस मिनिटांनंतर कळतं. या फंडालाही मी तसंच तासभर बसवून बघणार आहे. मग ठरवीन.

तू हल्ली तिकडे लोकांचे अर्ज भरून देतोस असं कानावर आलं. चांगलं आहे, तुझा हात त्यात बसलेलाच होता. मला फक्त एक यादी पाठव: फंडवाल्यांना काय काय विचारावं. बाकी मी बघते.

ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

यादी आली नाही. ठीक आहे. मी माझी केली.

पहिला प्रश्न गणिताच्या बाईंनी घातला: या लोकांचा पैसा मुळात कुठून येतो? बाई आता नुसत्या विश्वस्त नाहीत, अध्यक्ष आहेत. त्यांच्या खुर्चीचं उजवं चाक अजून कुरकुरतं आणि त्या अजून तेल घालू देत नाहीत, कारण वर्गातल्या मुलांना बाई येताहेत हे आधी कळलेलं बरं असतं म्हणे. तर चौकशी केली. एका कुटुंबाचा तीन पिढ्यांचा कुलपांचा धंदा आहे, त्यातून हा निधी काढलाय. कामगारांशी भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. बाई म्हणाल्या, “कुलपं म्हणजे बरंय. लपवायचं काही असतं ते गिऱ्हाइकाचं.” तेव्हापासून आमच्यात त्यांचं नाव कुलूपवाले.

मग कुलूपवाल्यांची बाई आली. पस्तिशीची असेल, जाड चष्मा, बरोबर कुणी नाही, फोटोवाला नाही, फुलं नाहीत. मी तिला मुद्दाम शिवणखोलीतल्या त्या अरुंद स्टुलावर बसवलं. चहा दिला आणि म्हटलं, आधी मी विचारणार, मग तुम्ही विचारा. ती म्हणाली, “विचारा की.”

मी विचारलं, “खुर्च्यांवर तुमच्या नावाची पट्टी लावायची का?”

“लावू नका. माणसाच्या पाठीवर आमचं नाव कशाला?”

“नव्या खुर्च्या वाटा असं पुढे म्हणाल?”

“म्हणायचं असतं तर तुमच्याकडे आले नसते. वाटणारे पुष्कळ आहेत.”

बारक्या, तुला सांगते, इथे मी जरा सैलावले. फोटोवाल्यांनी काय केलं होतं आठव. सहा फुटी माणसाला आणि आठ वर्षांच्या मुलीला एकाच मापाची खुर्ची, पाठीवर हातभर मोठं नाव, आणि फोटो झाला की मंडळी पसार. त्या मुलीचे पाय पायपट्टीपर्यंत पोचतसुद्धा नव्हते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिनं आपली वही मागितली. तीच, बाहेर गेलेल्या आणि परत आलेल्या खुर्च्यांची. मी दिली आणि तिच्या बोटाकडे बघत बसले, कारण आपलं घोडं नेमकं याच वहीवर पेंड खातं. गेल्या वर्षी दोनशे नव्वद खुर्च्या दुरुस्त होऊन गेल्या, त्यातल्या दोनशे चौसष्ट पुन्हा दुरुस्तीला आल्या. ती बोट फिरवत खाली आली, थांबली, आणि तिनं विचारलं, “या उरलेल्या सव्वीस कुठे गेल्या?”

मला उठून तिच्या पाठीवर थाप द्यावीशी वाटली. दिली नाही. तुझ्या ताईला थोडी रीतभात आहे.

चाकाची खुर्ची परत येते म्हणजे ती वापरात आहे. रस्त्यावरून जाते, उंबरे ओलांडते, झिजते. जी येत नाही तिच्यावर घरात कपडे वाळत असतात आणि बसणारा पलंगावर पडून असतो. हे आपल्याला इतकं साधं वाटायचं की फोटोवाल्यांच्या पहिल्या रिपोर्टात आपण छाती पुढे काढून लिहिलं: तीनशे चाळीस गेल्या, तीनशे बारा परत आल्या! मला अजून आठवतं, मी तो आकडा ठळक करायला सांगितला होता. आणि त्यांचं उत्तर काय आलं? ‘आपल्या दुरुस्तीचा दर्जा अत्यंत चिंताजनक आहे.’ परत येणं म्हणजे काय ते न सांगता नुसता आकडा लिहायचा, असली चूक जगात दुसरं कुणी करणार नाही. आपणच आपल्या अंगावर ओढवून घेतली.

पुढचं तुला माहीतच आहे. तू पुढच्या रिपोर्टात आकडा बदललास. तीनशेच्या जागी एकवीस. मग त्यांचा माणूस आला, त्यानं वही उघडली, आणि संपलं: मदतही, तुझं इथलं कामही. जाऊ दे, ते उगाळायला मी बसलेले नाही.

चष्मेवालीला मी त्या सव्वीसांचा हिशेब दिला. नऊ जण वारले, पाच जण गाव सोडून गेले, बाकी बाराजणांच्या घरी आपण जाऊन आलो. तिनं ते लिहून घेतलं. उठताना कंबर धरून म्हणाली, “या स्टुलावर पण कुणाला तरी तासभर बसवून बघा.”

मला ती आवडली. अजून पास केलेली नाही.

ताई


८ मार्च

बारक्या,

अजूनही तुझं उत्तर नाही. राग काही लवकर संपत नाही तुझा. मला वाटायचं आपल्या घरात हट्टी मीच.

आज दोन बस बदलून एका माणसाला भेटून आले. तो कानाची यंत्रं दुरुस्त करतो. एका सिनेमाघराच्या मागे, जिन्याखाली त्याचं दुकान आहे. कुलूपवाल्यांकडून त्याला पाच वर्षं मदत मिळाली आणि दोन वर्षांपूर्वी ती बंद झाली. मी मुद्दाम असा माणूस शोधला. ज्याला सध्या मिळतंय तो गोडच बोलणार. ज्याचं बंद झालंय त्याच्याकडून खरं कळतं. ही युक्ती तू सांगितली असतीस तर माझे चार दिवस वाचले असते.

त्याला मी स्पष्ट विचारलं, बंद का झालं? तो हसला. बोलताना हातातलं काम थांबवत नाही, काकांसारखाच. म्हणाला, “तिसऱ्या वर्षी मी फसलो. शाळाशाळांतून यंत्रं तपासायची ठरवलं होतं. गेलोच नाही. बायको आजारी होती, आणि खरं सांगू का, मला शाळांची भीतीच वाटते. तसं लिहून कळवलं.”

“मग?”

“मग काय, त्या चष्मेवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, शाळा सोडा, लोक इथे येतात तेवढंच नीट करा. पुढची दोन वर्षं दिली. बंद झालं ते ठरलेली मुदत संपली म्हणून.”

वाईटही विचारून घेतलं. त्याला मी सोडणार थोडीच. म्हणाला, संथ आहेत, एका पत्राला तीन आठवडे लावतात. फॉर्म लांबलचक. वर्षातून एकदा त्यांच्या सोयीनं येतात, आपल्या सोयीनं नाही. एकदा त्यांच्यातल्या कुणा काकांना फोटोची हुक्की आली होती, यानं नको म्हटलं, त्यांनी ऐकलं. एवढंच.

परत येताना बसमध्ये मी बेरीज मांडली. पैसा स्वच्छ आहे. काम त्यांना कळतं. आपल्याला न पेलणारं काही गळ्यात बांधत नाहीत. खरं सांगितलं तर शिक्षा करत नाहीत, आणि माझ्या लेखी ही गोष्ट सगळ्यांत मोठी आहे. संथपणाचं काय, आपणही कुठे वाऱ्यासारखे धावतो. तेव्हा माझ्याकडून फंड पास.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “झाला ना त्यांचा पेपर तपासून? आता आपला लिहायला घ्या.” आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

फॉर्म लांब आहे, पण मी अर्धा उरकलाय. फक्त अकराव्या प्रश्नापाशी जरा रेंगाळले आहे. होईल तेही.

ताई


१७ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं.

सहा वर्षं आणि माझी तीन लांबलचक पत्रं, आणि त्यावर तुझी एक ओळ! ना मायना, ना सही. ‘ताई, माफ केलंस म्हणजे नक्की कशाबद्दल?’ कार्ड काकांच्या हाती पडलं. त्यांना अक्षर ओळखू आलं, पण त्यांनी ते न वाचता माझ्या मशीनवर ठेवलं आणि दिवसभर माझ्याकडे बघायचं टाळलं. म्हणजे वाचलंच असणार.

कशाबद्दल म्हणजे काय? आकडा तू बदललास. खाडाखोड तुझ्या हातची. विश्वस्तांसमोर तूच म्हणालास, मी एकट्यानं केलं. इतिवृत्तात तसं लिहिलेलं आहे. मग हा प्रश्न कसला?

मला इथे शंभर कामं आहेत. फॉर्म महिनाअखेरीला जायचाय. अकरावा प्रश्न असा आहे: ‘तुमच्या कामात झालेली एखादी चूक सांगा, जी त्या वेळी तुम्ही लपवली होती.’ मी लिहिलं होतं की एका वर्षी आम्ही पातळ फोम वापरला आणि चार जणांना जखमा झाल्या. बाईंनी वाचून कागद परत केला. म्हणाल्या, “हे लपवलं नव्हतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी चौघांच्या घरी गेला होतात. याला शून्य मार्क.” आणि मग म्हणाल्या, “फोटोवाल्यांचं लिहा. भाऊ तुमचा, तुम्हाला जड जाणार. मी सांगते, तुम्ही उतरवून घ्या.”

त्या सांगायला लागल्या. ‘संस्थेच्या एका माजी सदस्याने संस्थेला अंधारात ठेवून...’ इथपर्यंत मी उतरवलं. मग सुईत दोरा संपलाय असं म्हणून उठले.

कापड कापून ठेवलंय, तेवढं शिवून टाकते. तुला नंतर लिहीन.

ताई


२१ मार्च

बारक्या,

चार दिवसांत खुर्च्यांच्या अकरा बैठका शिवल्या. आता शिवायला काही उरलं नाही, म्हणून तुला लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी त्या दुपारी मी जाड कापडाची शिवण घालत होते. तू रिपोर्ट घेऊन आलास. मी मशीन थांबवलं नाही, नुसता हात पुढे केला. तू म्हणालास, “ताई, सही नंतर. आधी तिसरं पान वाच.” मग मी मशीन थांबवलं. तिसरं पान वाचलं. परत आलेल्या खुर्च्या: एकवीस. मी तुला म्हटलं, “एकवीस?” तू म्हणालास, “खरा आकडा लिहिला तर ते बंद करतील. तू सांग. तू नको म्हणालीस तर तीनशेच लिहितो.”

तू विचारलं होतंस, बारक्या. दार उघडं ठेवून, नीट उभा राहून विचारलं होतंस.

मी काय म्हणाले तेही मला शब्दन् शब्द आठवतं. “एकवीस फार कमी दिसतात का?” असं म्हणाले. मग म्हणाले, “असू दे. पाठव.” आणि सही करून पुन्हा पायडल मारायला लागले.

हे मी विसरले होते असं म्हणायला मला आवडेल. विसरले नव्हते. त्यावर मी दुसरी गोष्ट रचून ठेवली होती, आणि ती इतक्या वेळा सांगितली की तीच तोंडात बसली.

आणि विश्वस्तांची ती सभा. इतिवृत्त लिहायला मीच होते, कारण अक्षर माझं चांगलं. बाईंनी विचारलं, “हे कुणाकुणाला माहीत होतं?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी वहीकडे पाहत होते, पण तू पाहिलंस हे मला कळलं. काकांनी खोकलून घेतलं. मग तू म्हणालास, “मला एकट्याला.” आणि मी ते लिहिलं. ‘सदर बाब त्यांना एकट्यालाच माहीत होती असे त्यांनी सांगितले.’ एक काना इकडचा तिकडे नाही.

तेव्हा मनात काय होतं ते सांगते, पण त्यानं माफी मिळावी म्हणून नाही. मला वाटलं, दोघं गेलो तर कारखाना बंद पडेल. एकानं राहायला हवं. आणि मला वाटलं तू दोन-तीन महिन्यांत येशील, राग निवळेल, मी काहीतरी करून तुला परत घेईन. मग तू आला नाहीस. मग मला तुझा राग येऊ लागला, की हा येत का नाही. आणि मग एक दिवस मी तुला माफ करून टाकलं. किती उदार झाले बघ मी. ज्यानं माझा दोष उचलला, त्यालाच माफी.

लाज वाटते. हे लिहिताना कान तापलेत.

म्हणून तुझ्या कार्डाचं उत्तर: कशाबद्दलच नाही. तुला माफ करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ती ओळ मी मागे घेते.

आकडा बदलला ही चूक दोघांची, अर्धीअर्धी. पण गप्प बसले ती सबंध माझी, त्यात तुला वाटा मिळणार नाही.

आता पुढे काय करायचं ते मला पक्कं माहीत आहे, त्यासाठी तुझा सल्लाही नको. महिनाभर मी फंडाला पारखत बसले. खरं बोललेलं त्यांना चालतं का, हे बघायला दोन बस बदलून गेले. आणि माझ्याकडे सांगायला खरं होतं, ते सहा वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. फंड आपल्याला साजेसा आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. आपण त्याला साजेसे आहोत का, ते परवा ठरेल. परवा विश्वस्तांची सभा बोलावली आहे.

ताई


३० एप्रिल

बारक्या,

उशीर झाला, कारण सगळं पार पडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. अर्धवट बातमी द्यायची नव्हती.

सभेत मी उभी राहून सांगितलं. आधी वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. खरं सांगायचं ठरलं की माझा आवाज नेहमीसारखाच मोठा लागतो, म्हणून बाहेर उतारावर खुर्ची ढकलत आलेला एक बसणारा तिथेच थांबून सगळं ऐकत राहिला. मी म्हटलं, आता ऐकलंच आहे तर आत या.

सांगून झालं तेव्हा बाई म्हणाल्या, “मला आधीच संशय होता असं मी म्हणणार नाही. नव्हता. म्हणून मला जास्त राग आलाय.” त्यांचा आवाज वर्गातला नव्हता, घरातला होता. म्हणाल्या, “तुमच्या त्या चांगल्या अक्षरावर मी डोळे मिटून सही केली होती.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काका सभेनंतर शिवणखोलीत आले. दारातच उभे राहिले. “काय गं, सहा वर्षं मी त्या पोराला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आता त्या कुणाला घालू?”

“मी आहे ना, काका.”

“तुला घालवत नाहीत, तेच तर दुखणं आहे,” असं म्हणून ते गेले आणि तासभर नुसती ठोकाठोक करत राहिले. त्या दिवशी ठोकण्यासारखं काम काहीही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले.

मी कार्यवाह म्हणून राजीनामा दिला. बाईंनी तो घेतला. मी वाट बघत होते की ‘अहो, त्याची काय गरज’ असं कुणीतरी म्हणेल. कुणी म्हणालं नाही. दोन दिवस ते मला लागलं, तिसऱ्या दिवशी बरोबर वाटलं. अकराव्या प्रश्नाचं उत्तर मीच लिहिलं, पण अर्जावर सही बाईंची गेली.

मग तीन आठवडे काही नाही. कानाच्या यंत्रवाल्यानं बजावलं होतं, तेवढेच बरोबर. मग चष्मेवाली आली. या वेळी मी तिला चांगली खुर्ची दिली. ती म्हणाली, “तुमच्या अकराव्या उत्तरावर आमच्यात दोन सभा झाल्या. काही जण म्हणाले, खोटा रिपोर्ट देणाऱ्यांना द्यायचं कशाला?”

“मलाही तोच प्रश्न पडला असता,” मी म्हटलं.

“आम्ही देतोय. पण आधी एक वर्ष, मग बघून पुढची दोन. आणि पहिल्या वर्षी रिपोर्टावर तुमची सही नको. वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट कसलं! बारक्या, ही अट त्यांनी घातली नसती तर मीच त्यांना नापास केलं असतं. एवढं वाचून काहीच न बोलणारा फंड मला नको होता. मी तिला तसं सांगितलं, तर तिनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “तुम्ही माणसं अवघड आहात.” मी म्हटलं, “पण परत येतो.” ती हसली. आपली वही तिनं खरंच वाचली होती.

काकांच्या हाताखाली गेल्या आठवड्यापासून दोघं आलेत. एक बाई आधी लेथवर होती, हात घट्ट आहे, पण घाई फार. दुसरा तोच, सभेच्या दिवशी उतारावर थांबून ऐकणारा. स्वतः पंधरा वर्षं खुर्चीत आहे, तेव्हा कुठे काय तुटतं हे त्याला सांगावं लागत नाही. काका त्यांना डोळे मिटून सांगाड्यावर हात फिरवायला लावतात. काल त्या बाईला एक तडा सापडला. काकांनी तोंडानं काही म्हटलं नाही, पण तिच्यासाठी स्वतःच्या पैशानं चहा मागवला. हे केवढं मोठं, तुला माहीत आहे.

मी शिवणखोलीत आहे. दिवसाला तीन बैठका शिवून होतात. कुणाच्या सह्या नाहीत, फोन नाहीत. एवढं काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं आणि बरी आहे.

तू परत ये असं मी लिहिणार नाही. तू तिकडे लोकांचे अर्ज भरतोस, ते काम तुझं आहे, आणि मी बोलावलं की धावत यायला आता तू लहान नाहीस. यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर मी समजून घेईन. समजून घ्यायला मला वेळ लागतो, पण आता लागणार नाही.

एक काम मात्र तुझ्याशिवाय होणार नाही. जुन्या सभेचं इतिवृत्त दुरुस्त करायचं ठरलंय. बाई म्हणाल्या, ज्याच्यावर आळ आला त्यानं वाचल्याशिवाय ही दुरुस्ती मंजूर होणार नाही. ती मी लिहून पाठवतेय. चूक असेल तर खोड, कमी असेल तर वाढव, आणि खाली तुझी सही करून बाईंच्या नावानं पाठव, माझ्या नको.

‘मागील नोंद चुकीची आहे. बदललेला आकडा रिपोर्ट पाठवण्यापूर्वी कार्यवाहांना दाखवला होता. त्यांनी तो वाचून पाठवण्यास सांगितले. सभेत विचारणा झाली तेव्हा त्या गप्प राहिल्या. त्यांच्या भावाने दोष एकट्याने घेतला, आणि तो त्यांनी घेऊ दिला.’

याखाली माझी सही आहे. वाचून केली आहे. तेव्हाही वाचूनच केली होती.

ताई